डाव्यावरून काढलेला उजवा हात

नगरच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालून दाखवायला सांगितलं, तेव्हा मला मनातल्या मनात हसूच आलं. चालून दाखवणं हे माझं नोकरीतलं काम होतं. सात वर्षं मी रोज सकाळी दहा पावलं जायचे, वळायचे, दहा पावलं परत यायचे, आणि बारा कॅमेरे माझ्याकडे बघत असायचे.

मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, वळले, परत आले. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. "उजवा हात असा अंगाला धरून चालता, ते कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं की खांदा आखडलाय, त्याचेच उपचार चालू आहेत, वर्ष होत आलं.

त्यांनी मला खुर्चीत बसवून अंगठा आणि पहिलं बोट भराभर जुळवायला लावलं. डाव्या हाताला ते सहज जमलं. उजव्याची बोटं चार-पाच वेळा जुळली, मग त्यांची हालचाल लहान लहान होत गेली आणि ती थांबली. मी हलवत होते, ती हलत नव्हती. मग एक वाक्य लिहायला दिलं. ओळीच्या शेवटी माझं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. वास येतो का, असंही त्यांनी विचारलं. फोडणी करपली तरी मला कळत नाही म्हणून घरात माझी थट्टा व्हायची, ते मला तेव्हा आठवलं.

"खांद्याचा दोष नाही," ते म्हणाले. "हा पार्किन्सन आहे."

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. पार्किन्सन म्हणजे थरथरत्या हाताचे म्हातारे, एवढीच माझी माहिती. माझा हात तर थरथरत नव्हता. डॉक्टरांनी समजावलं की सगळ्यांना कंप सुटतोच असं नाही, काहींचं अंग नुसतं ताठर आणि मंद होत जातं, आणि पन्नाशीच्या आतही हा आजार होतो.

माझे पती विलास शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते शाळेत गणित शिकवतात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते दचकले नव्हते. त्यांनी फक्त मान खाली घातली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. किती धीराचा माणूस, असं मला त्या वेळी वाटलं.

हे सगळं मी का लिहिते आहे, तर खांद्याच्या दवाखान्यात माझ्यासारखी आणखी एखादी बसलेली असेल म्हणून. आणि आजाराने मला जेवढं दुखावलं नाही तेवढं माझ्या माणसांनी दुखावलं, हे कुठेतरी सांगायचं होतं म्हणूनही.

काड्यांची बाई

राहुरीच्या बाजूला शेतीची अवजारं तयार करणारी एक छोटी संस्था आहे. तिचं नाव लिहीत नाही. विळा, खुरपं, तण काढायला हाताने ढकलायचं एका चाकाचं कोळपं, ही अवजारं बनतात पुरुषांच्या अंगमापाने आणि चालवतात बायका. बायकांच्या अंगाला बेतलेली अवजारं बनवायची, हे आमचं काम. त्यासाठी एक मोठा हॉल आहे आणि त्यात छताखाली चारी बाजूंनी कॅमेरे लावलेले आहेत. आम्ही शेतात राबणाऱ्या बायकांना बोलावतो, अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे देतो आणि खांदा, कोपर, मनगट, कंबर, गुडघा अशा एकेका सांध्यावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतो. बाई कोळपं ढकलते, खुरपते, पाटी उचलते. कॅमेऱ्यांना बाई दिसत नाही, फक्त गोळे दिसतात. कॉम्प्युटर ते गोळे रेघांनी जोडतो आणि पडद्यावर काड्यांची एक बाई कोळपं ढकलायला लागते. याला मोशन कॅप्चर म्हणतात. त्यावरून कॉम्प्युटरमध्ये एक शरीर बांधायचं आणि दांडा किती लांब हवा, मूठ किती जाड हवी, हे त्या शरीरावर तपासून बघायचं.

मी कोल्हारची. शेतकऱ्याच्या घरातली, बी.एस्सी. झालेली. खुरपं धरता येतं आणि कॉम्प्युटरही चालवता येतो, म्हणून वासंती मॅडमनी मला घेतलं. मॅडम संशोधनाच्या प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. ते काळे कपडे घालायला बायका लाजायच्या, तेव्हा आधी मी घालून त्यांच्यासमोर उभी राहायचे. मूळ शरीर एकाच बाईवरून बांधू आणि मग बाकीच्यांची मापं त्यावर चढवू, असं मॅडमनी ठरवलं. ती बाई मी. फाईलचं नावसुद्धा 'उज्ज्वला'. मला त्याचा फार अभिमान होता. नातेवाईक आले की मी सांगायचे, जिल्ह्यातल्या बायकांची अवजारं माझ्या अंगावर बेतलेली असतील.

रोज काम सुरू करायच्या आधी कॅमेरे नीट आहेत का ते तपासायला मी चालायचे. सगळे गोळे दिसतात की नाही, एवढंच बघायचं असायचं. दिसले की पडद्यावर हिरवी खूण यायची आणि आम्ही पुढच्या कामाला लागायचो. चालणारी बाई कशी चालते आहे, हे बघायचं कुणाला कारण नव्हतं. ती चाल मात्र रोजच्या रोज साठवली जात होती.

मॅडमचं आणि माझं नुसतं कामापुरतं नव्हतं. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या सासूबाई वर्षभर अंथरुणावर होत्या, त्या काळात मॅडम मला तासभर आधी घरी सोडायच्या. मुलीला, प्राजक्ताला, बारावीला गणित अवघड जायला लागलं तेव्हा त्यांनी तिच्यासाठी स्वतःच्या मुलाच्या वह्या आणून दिल्या होत्या. मला बहीण नाही. मी त्यांना त्या जागी धरलं होतं.

खांदा

सगळ्यात आधी बोलून दाखवलं ते माझ्या आईने. मी दिवाळीला कोल्हारला गेले होते. ओट्यावर बसून ती मला नळाकडून येताना बघत होती. म्हणाली, "उजे, तुजा ह्यो हात कुनी धरून ठिवलाय का गं? हालत न्हाई चालताना." मी हातात कळशी असल्याचं सांगितलं. कळशी डाव्या हातात होती. मग मी ते विसरून गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी खांदा दुखायला लागला. वेणी घालताना हात वर जाईना. ब्लाऊजची बटणं लावायला वेळ लागायला लागला. राहुरीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी खांदा आखडल्याचं सांगितलं, आणि तो आखडलेला होताच. गोळ्या झाल्या, शेक झाला, खांद्यात इंजेक्शन झालं. घरात पोळ्या उशिरा व्हायला लागल्या. मी मुद्दाम हळू करते, असं विलासना वाटतं की काय, असं मला वाटायचं, कारण ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून माझ्या हाताकडे बघत राहायचे आणि निघून जायचे.

शेवटी भूल देऊन खांदा सोडवायचं ठरलं. म्हणजे आपण झोपेत असताना डॉक्टर हात ओढून, वळवून सांधा मोकळा करतात. दोन दिवस भरती व्हावं लागलं. भूल देण्याआधी डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवून विचारलं, दुसरा काही त्रास आहे का, हातात कमजोरी वगैरे. मी नाही म्हटलं. विलास काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली.

जाग आली तेव्हा खांद्यातून अशा कळा येत होत्या की मी दातांत चादरीचं टोक धरलं होतं. सकाळी वॉर्डमधल्या एका मावशींनी माझे केस मोकळे करून, तेल लावून, सैल वेणी घातली. मला हात वर नेता येत नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं होतं. वेणी घालताना त्या त्यांच्या शेळीच्या करडांबद्दल बोलत होत्या. त्या दवाखान्यातलं चांगलं असं मला तेवढंच आठवतं.

खांदा मोकळा झाला. आता तो कुणी दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जायचा. चालताना मात्र हात तसाच अंगाला चिकटलेला. तेव्हा त्या डॉक्टरांनाच शंका आली आणि त्यांनी मला नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

गोळीच्या वेळा

पहिले दोन महिने गोळ्यांच्या वेळा सांभाळण्यात गेले. गोळी जेवणाच्या आधी घ्यायची, ती लागू पडायला पाऊण तास लागायचा, आणि तिचा जोर ओसरला की अंगावर ओलं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. सुरुवातीला मळमळ. नंतर एका सकाळी मी सहज वेणी घातली, आणि घालून झाल्यावर लक्षात आलं की दोन्ही हातांनी घातली. मी आरशासमोर बसून रडले. गोळीने फरक पडला याचा आनंद होता, आणि आता या गोळीशिवाय आपलं चालणार नाही हेही त्याच वेळी कळलं होतं.

भीती कसली वाटायची ते सांगते. मरणाची नाही. मला भीती वाटायची ती ताटातला घास कुणीतरी भरवण्याची. सासूबाईंना मी वर्षभर भरवलं होतं. मला ते करताना कधी किळस आली नाही, पण त्यांच्या डोळ्यांत जे असायचं ते मी पाहिलेलं होतं.

विलास या काळात फार चांगले वागले. शाळेतून आले की भाजी चिरायचे, गोळीची वेळ मोबाईलवर लावून ठेवायचे. बटणं लावून द्यायचे. इतके चांगले की मलाच अवघडायला व्हायचं.

नगरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण मुलगी होती. ती मला मोठी मोठी पावलं टाकायला लावायची, हात मुद्दाम जोरात झुलवायला लावायची. एक दिवस तिने विचारलं, तुमचा आजाराआधीचा चालतानाचा एखादा व्हिडिओ आहे का, लग्नातला वगैरे. तुमची मूळ चाल कशी होती ते बघता येईल.

मी म्हटलं, "माझ्याकडे सात वर्षांच्या चाली आहेत. रोजची एक."

उज्ज्वला नावाची फाईल

मी आजारपणाच्या रजेवर होते, तरी एका दुपारी संस्थेत गेले. मॅडम पुण्याला बैठकीला गेल्या होत्या. कॉम्प्युटर माझाच होता. मी सकाळच्या तपासणीच्या नोंदी उघडल्या आणि महिन्यातली एक अशी बघत पुढे जायला लागले.

पहिल्या वर्षीची काड्यांची बाई दोन्ही हात झुलवत ठसक्यात चालत होती. कोपर मागे जाई, पुढे येई. ती मीच होते आणि मला तिचा हेवा वाटला. चौथ्या वर्षापर्यंत तसंच होतं. पाचव्या वर्षाच्या पावसाळ्यात उजव्या हाताचा झोका डाव्यापेक्षा थोडा लहान दिसायला लागला. दिवाळीपर्यंत तो निम्मा झाला. पुढच्या उन्हाळ्यात हात जवळजवळ थांबला होता. खांदा दुखायला लागायच्या कितीतरी आधी. एवढं स्वच्छ की पाचवीतल्या मुलालाही दिसलं असतं. मी रोज तिथून चालत होते, पडद्यावर हिरवी खूण येत होती, आणि माझा हात एकेक महिन्याने कमी होत होता.

मला आधी फक्त आश्चर्य वाटलं. मग प्रश्न पडला. मूळ शरीर तर माझ्यावरून बांधलं होतं आणि दरवर्षी ते नव्या नोंदींवरून सुधारलं जायचं. मग त्यात हा हात कसा काय आला नाही? मी ती फाईल उघडली. पडद्यावर जी उज्ज्वला आली तिचे दोन्ही हात सारखे झुलत होते. अगदी सारखे. एका केसाचाही फरक नाही. असं कुणाचंच अंग नसतं, एवढं मला इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं.

फाईलसोबत बदलांची यादी असते. तिच्यात दोन वर्षांपूर्वीची इंग्रजीतली एक ओळ होती, शेवटी मॅडमच्या नावाची आद्याक्षरं. अर्थ असा, की उजव्या हाताचा झोका कमी आहे, नोंद वापरण्याजोगी नाही, डाव्या हातावरून उजवा तयार केला.

मी ती ओळ बराच वेळ वाचत बसले. आरशात दिसतो तसा माझा डावा हात उलटा करून त्यांनी तो उजव्या बाजूला बसवला होता. काम अडलं नव्हतं. कोळप्याचा दांडा त्याच हातांवर बेतला गेला होता. आणि ज्या दिवशी त्यांनी ही ओळ लिहिली, त्या दिवशीही दुपारी आम्ही एकाच डब्यातून जेवलो असणार.

मॅडम

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. पडद्यावरची ती ओळ छापलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून ठेवला. नाकारलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

त्या आधी नियमांचं बोलल्या. आपण डॉक्टर नाही. आपल्या यंत्रावरून कुणाला आजाराचं सांगायचं नसतं, चूक निघाली तर माणूस उगाच घाबरतो. मापं देताना तू सही केलेल्या कागदातही तसं काही नव्हतं.

मी म्हटलं, "आजाराचं नाव नको होतं मला. हात हलत नाही, एवढंच सांगायचं होतं. माझ्या आईने ओट्यावर बसून सांगितलं."

त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, उज्ज्वला. विलासरावांना सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. त्यांना इथे बोलावून दाखवलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हटलं. ते म्हणाले, मी बघतो, तिला आत्ता काही बोलू नका. मला वाटलं, घरच्या माणसाला सांगितलं म्हणजे तुला सांगितलं."

माझे पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले. हे या आजारात होतं, पुढचं पाऊलच उचलत नाही. त्या वेळी ते आजाराने झालं की ऐकलेल्याने, मला सांगता येणार नाही. मॅडम उठून माझा हात धरायला आल्या. मी नको म्हटलं. भिंतीला हात लावून मनात एक, दोन, तीन मोजले, मोठं पाऊल टाकलं आणि बाहेर आले.

घरी

विलास त्या दिवशी चार वाजता आले. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. त्यांनी पिशवी ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कळलं असावं, कारण ते समोर खाली जमिनीवर बसले.

मी एवढंच विचारलं की तुम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं का.

ते हो म्हणाले. मग सांगत राहिले. प्राजक्ताचं बारावीचं वर्ष होतं. आई अंथरुणावर होती. वर्ष सरलं की नेऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. मग आई गेली, प्राजक्ता पुण्याला शिकायला गेली, आणि तोवर खांदा दुखायला लागला. डॉक्टर खांदा म्हणाले तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. खांदाच असू दे, असं रोज वाटायचं. भूल देण्याच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ओठांपर्यंत आलं होतं, पण आता बोललो तर इतके दिवस का लपवलं ते सांगावं लागेल, म्हणून बोलले नाहीत.

मी विचारलं, "आई अंथरुणावर होती म्हणून का नाही नेलं? मला नेण्याचा आणि त्यांचा काय संबंध?"

ते म्हणाले, "तुझ्याच हातांवर घर चाललं होतं. तू पण आजारी आहेस म्हटल्यावर आईचं कोण करणार होतं?"

ते खरं बोलले. दुसरं एखादं गोड कारण त्यांनी दिलं असतं तर मी कदाचित तेच धरून बसले असते. एक हात थांबत चाललेला माहीत असताना त्यांनी मला वर्षभर त्यांच्या आईला उचलू दिलं, कुशीवर वळवू दिलं, न्हाऊ घालू दिलं. मी ते प्रेमाने केलं होतं. पण ते माहिती असून केलेलं नव्हतं, आणि त्या दोहोंत मला तेव्हापासून फार मोठा फरक वाटतो.

प्राजक्ताला फोनवर कळलं तेव्हा ती वडिलांवर चिडली, आणि मग फार रडली. "माझ्या बारावीसाठी?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि भार मात्र तिच्या डोक्यावर ठेवला गेला होता. या एका गोष्टीसाठी मी विलासना अजून माफ केलेलं नाही.

कोल्हार

मी सव्वा महिना आईकडे राहिले. सकाळी ती मला प्रवरेच्या काठाने चालायला घेऊन जायची. व्यायामाच्या मुलीने सांगितलं होतं तसे मी हात जोरजोरात झुलवायचे, लोक बघायचे. आई पुढे चालत मोठ्याने म्हणायची, "हालीव. आजून हालीव."

ती विलासना वाईट बोलेल असं मला वाटलं होतं. ती बोलली नाही. मला राग आला, म्हणून मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "तुज्या बापाला लकवा झाला तवा डाक्टरनं मला सांगितल्यालं, ह्यो बरा व्हनार न्हाई. म्या त्यास्नी शेवटपातूर म्हनत हुते, व्हशाल बरं. मंग मी कुनाला काय म्हनू?"

मी म्हटलं, दादांना काही कळतच नव्हतं.

"कळत हुतं," आई म्हणाली. "माज्याकडं बघायचं आन् तोंड फिरवायचं."

आम्ही तशाच चालत घरी आलो.

नगरच्या डॉक्टरांना मी पुढच्या खेपेला स्पष्ट विचारलं, दोन वर्षं आधी आले असते तर? ते म्हणाले, आजार थांबला नसता. तो थांबवणारं औषध नाही. व्यायाम आधी सुरू झाला असता, आणि खांद्यासाठी भूल द्यायची वेळ बहुधा आली नसती. हे मी इथे मुद्दाम लिहिते. त्या दोघांनी माझं आयुष्य बुडवलं असं म्हणता येत नाही, आणि ते म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझी दोन वर्षं घेतली. ती चांगली गेली असती की वाईट, ते माझं मी ठरवलं असतं.

परत

मी राहुरीला परत आले. विलास आणि मी एकाच घरात राहतो. गोळीचा जोर कमी असतो तेव्हा ते बटणं लावून देतात आणि मी लावू देते. बोलणं कामापुरतं होतं, कधी त्याहून थोडं जास्त. दवाखान्यात मात्र मी आत एकटी जाते. ते बाहेर बाकावर बसतात.

नोकरीवर परत जाताना मॅडमना दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक, ज्या बाईचं अंग आपण मोजतो तिला तिच्या अंगाबद्दल जे दिसलं ते तिलाच आधी सांगायचं, आजाराचं नाव न घेता. दुसरी, शरीराच्या फाईलमधून माझं नाव काढायचं किंवा माझा खरा हात परत बसवायचा. मॅडमनी दोन्ही मान्य केल्या. हात परत बसवला तेव्हा काही गोष्टी उघड्या पडल्या. आम्ही बनवलेल्या कोळप्याची मूठ दोन्ही बाजूंना सारखाच जोर मागत होती. शेतातल्या बायका वर्षभर त्याबद्दल कुरकुर करत होत्या आणि आम्ही त्यांना सवय होईल म्हणून सांगत होतो. वीस-पंचवीस वर्षं खुरपलेल्या बाईचे दोन हात सारखे नसतात. आमच्या फाईलमधल्यासारखी बाई जिल्ह्यात कुठेच नव्हती. आता नवी मूठ बनते आहे. मॅडमशी मी नीट बोलते. डबा वेगळा खाते.

मागच्या महिन्यात शनिशिंगणापूरच्या बाजूच्या एका गावातून मंदाबाई आल्या होत्या. चाळिशीच्या. नवऱ्याने मोटारसायकलवरून आणून सोडलं होतं आणि ते बाहेर लिंबाखाली थांबले होते. मंदाबाईंनी कोळपं ढकललं, पाटी उचलली, चालून दाखवलं. मी आता चालणारी बाईही बघते. त्यांच्या डाव्या पायाचा चवडा प्रत्येक पावलाला जमिनीला घासत होता. गुडघा उचलून त्या तो लपवत होत्या, बहुतेक नकळत.

काम झाल्यावर त्यांचे यजमान आत आले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी वाटलं असावं. म्हणाले, "काय आसंल ते मला सांगा ताई. मी सांगतो तिला सवडीनं. तिला न्हाई कळायचं त्यातलं."

मी म्हटलं, "पाय त्यांचा आहे. त्यांना सांगते. मग त्या तुम्हाला सांगतील."

ते रागावले, पण बाहेर गेले. मी मंदाबाईंना खुर्चीवर बसवून पडद्यावर त्यांची चाल लावली. काड्यांची बाई चालत गेली, वळली, परत आली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच पडद्यावर बोट ठेवलं, डाव्या पायावर.

मी सांगितलं की हे काय आहे ते मला माहीत नाही, मी डॉक्टर नाही, कदाचित कमरेतली शीर दबली असेल, कदाचित काहीच नसेल. पण नगरला दाखवून घ्या, आणि जायला उशीर करू नका. दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. लिहिताना माझं अक्षर बारीक होत गेलं, ते त्यांनी पाहिलं. माझा हातही पाहिला. मी त्यांना माझ्या आजाराचं सांगितलं, आणि त्याचीही सुरुवात याच हॉलमध्ये दिसली होती हेही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मंग तुमाला कवा कळलं?"

मी म्हटलं, "सगळ्यांच्या शेवटी."

मग कागदाची घडी करून त्यांनी ती ब्लाऊजमध्ये ठेवली, पदर नीट केला आणि नवऱ्याला सांगायला बाहेर गेल्या.